पी३५ बोर्डावर तीन प्रोसेसर: वर्षभराचा अनुभव

ज्या मदरबोर्डाबद्दल लिहितेय तो आता नवा कुठेही मिळत नाही. इंटेलचा पी३५ चिपसेट (प्रोसेसर, रॅम आणि बाकीचे भाग एकमेकांना जोडणाऱ्या चिप), एलजीए७७५ सॉकेट (प्रोसेसर बसवायची जागा), डीडीआर२ रॅमचे चार स्लॉट. दादाने २००७ च्या अखेरीस तो घेऊन स्वतः कॉम्प्युटर जोडला होता. गेल्या वर्षी त्याने नवं यंत्र घेतलं आणि जुनं कॅबिनेट जसंच्या तसं माझ्या हवाली केलं. बोर्डाच्या कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण पुढे जे सांगायचंय ते एका कंपनीपुरतं नाही. पी३५ चे त्या काळचे बोर्ड सख्खी भावंडं म्हणावीत इतके सारखे आहेत. तुमच्याकडे ७७५ सॉकेटचा कुठलाही बोर्ड पडून असेल आणि त्यात मोठा प्रोसेसर घालायचं मनात असेल, तर यातलं बरंच तुमच्या उपयोगी पडेल.

मत आधीच सांगते: बोर्ड उत्तम आहे. वर्षभरात त्यावर तीन प्रोसेसर चालवले, त्यातले दोन ओव्हरक्लॉक केले, म्हणजे ठरलेल्या वेगापेक्षा जास्त वेगाने चालवले, एकदा बायोस (यंत्र चालू होताना सर्वांत आधी चालणारा, बोर्डावरचाच प्रोग्रॅम) बिघडवून परत जिवंत केला, आणि हा मजकूर त्याच यंत्रावर टाइप करतेय. पण सॉकेटमध्ये बसला म्हणजे प्रोसेसर चालणारच, हा समज डोक्यात असेल तर तो आधी काढून टाका. माझे आठ दिवस त्या एका समजापायी गेले.

यंत्र पहिल्यांदा चालू केलं तेव्हा सीमॉस चेकसमची चूक (जपून ठेवलेली सेटिंग जुळत नसल्याची सूचना) दाखवून ते थांबलं. बोर्डावरची सीआर२०३२ बॅटरी संपली होती. बायोसमधली सेटिंग या ३ व्होल्टच्या नाण्याएवढ्या बॅटरीवर टिकून असतात. ती संपल्यावर घड्याळ मागे जातंच, पण ओव्हरक्लॉकिंगचे सगळे आकडेही पुसले जातात आणि बोर्ड मूळ सेटिंगवर येतो. दादाला फोन केला.

"एफएसबी किती ठेवला होतास रे?"

"आठवत नाही गं. तेव्हा रात्रभर बसून जमवलं होतं, पण लिहून ठेवलं नाही."

म्हणजे सगळं पहिल्यापासून करणं आलं. एका अर्थी बरंच झालं, कारण आयते आकडे मिळाले असते तर त्यांच्यामागचं गणित मी शिकलेच नसते.

तेव्हा बोर्डावर कोअर २ ड्युओ ई६५५० होता. दोन कोअर, २.३३ गिगाहर्ट्झ. हा २.३३ येतो कुठून हे एकदा कळलं की पुढचं सोपं जातं. प्रोसेसर आणि नॉर्थब्रिज (चिपसेटमधली रॅम सांभाळणारी चिप) यांच्यामधल्या फ्रंट साइड बसचा, म्हणजे एफएसबीचा, मूळ ठोका ३३३ मेगाहर्ट्झ, आणि प्रोसेसरचा गुणक ७. गुणाकार २३३३. खोक्यावर '१३३३ एफएसबी' असं छापलेलं असतं ते याच ३३३ ची चौपट, कारण या बसवर एका ठोक्यात चारदा माहिती जाते. एक्स्ट्रीम मालिका सोडली तर इंटेलने गुणक वरच्या बाजूने बंद करून ठेवलाय. तो कमी करता येतो, वाढवता येत नाही. त्यामुळे वेग वाढवायचा तर मूळ ठोकाच वाढवावा लागतो, आणि तो वाढवला की प्रोसेसर, नॉर्थब्रिज, रॅम असे सगळेच त्याच्यामागे पळू लागतात. पीसीआय एक्सप्रेसचा (ग्राफिक्स कार्डासारखी कार्डं जोडायच्या मार्गाचा) ठोका तेवढा वेगळा बांधून ठेवता येतो. तो हातानेच १०० मेगाहर्ट्झवर पक्का करा, 'ऑटो' वर सोडू नका.

भाचीला प्रोग्रॅमिंग शिकायला स्वतःचं यंत्र हवं होतं आणि दोन कोअर पुरेनात. म्हणून वापरलेला कोअर २ क्वाड क्यू६६०० मिळवला. जानेवारी २००७ चा प्रोसेसर, २.४ गिगाहर्ट्झ, म्हणजे २६६ गुणिले ९. आत दोन-दोन कोअरचे दोन तुकडे शेजारी-शेजारी बसवलेले आहेत आणि प्रत्येक तुकड्याला ४ एमबीची कॅश (प्रोसेसरच्या आतली वेगवान मेमरी) आहे. याच्या दोन आवृत्त्या फिरतात. प्रोसेसरच्या झाकणावर 'एसएल९यूएम' असेल तर ती आधीची बी३, १०५ वॉटची. 'एसएलएसीआर' असेल तर जी०, ९५ वॉटची. जी० कमी तापते आणि ओव्हरक्लॉकिंगला जास्त साथ देते, म्हणून वापरलेला क्यू६६०० घेताना झाकणाचा फोटो मागवून ही अक्षरं वाचाच. मला जी० मिळाला. हीटसिंक काढली, थर्मल पेस्ट पुसली, प्रोसेसर बदलला, नवी पेस्ट लावली, चालू केलं. पहिल्याच फटक्यात डिस्प्ले आला आणि बायोसने नावानिशी ओळखलं. तेव्हा मला हे अगदी स्वाभाविक वाटलं. खरं कारण वेगळं होतं: ई६५५० आणि जी० क्यू६६०० हे एकाच ६५ नॅनोमीटर पिढीचे, दोघांचा सीपीयूआयडी (प्रोसेसरची ओळख सांगणारा क्रमांक) ०६एफबी. बोर्डाच्या जुन्या बायोसला त्यांची आधीच ओळख होती.

क्यू६६०० ला ३ गिगाहर्ट्झवर नेणं म्हणजे एफएसबी २६६ वरून ३३३ करणं. पी३५ अधिकृतपणेच १३३३ च्या बसला पात्र आहे, म्हणजे बोर्डावर यात कसलाही जुलूम होत नाही. तरीही पहिल्या प्रयत्नात यंत्र चालू होऊन बंद पडलं, पुन्हा चालू होऊन बंद पडलं, आणि तिसऱ्यांदा मूळ सेटिंगवर परत आलं. मी सगळा दोष प्रोसेसरला दिला आणि व्होल्टेज वाढवत बसले, आणि घोडं अडलं होतं रॅमपाशी. रॅमचाही गुणक असतो. माझी रॅम डीडीआर२-८००. २६६ वर गुणक ३ ठेवला की ८०० भरतात. मी एफएसबी ३३३ केला आणि तो ३ तसाच राहू दिला, म्हणजे रॅमला १००० वर पळायला सांगितलं. गुणक २.४ केला, ३३३ गुणिले २.४ बरोबर ८००, आणि यंत्र मुकाट चालू झालं. प्रोसेसरचं व्होल्टेज तर मूळ आकड्यावरच पुरलं. एफएसबीला हात लावाल तेव्हा त्याच क्षणी रॅमच्या गुणकाकडे बघा. या बोर्डावरच्या अपयशांतली निम्मी तरी इथेच टळतात.

तीनवर समाधान मानायला हवं होतं. पण ४०० गुणिले ९, म्हणजे ३.६ गिगाहर्ट्झ, हा क्यू६६०० चा नावाजलेला आकडा, आणि तो गाठून बघितल्याशिवाय राहवेना. गाठला. व्होल्टेज १.२५ वरून १.४२ च्या आसपास न्यावं लागलं. आता हिशेब करून बघा. वीज खाण्याचं प्रमाण वेगाबरोबर सरळ वाढतं आणि व्होल्टेजच्या वर्गाने वाढतं. वेग दीडपट, व्होल्टेजचा वर्ग साधारण १.२९ पट, गुणाकार जवळजवळ १.९४. जिथे ९५ वॉट धरले होते तिथे आता १८० च्या पुढे. हे सगळे वॉट प्रोसेसरच्या शेजारच्या मॉस्फेट आणि कॉइलमधून (त्याला वीज पुरवणाऱ्या भागांतून) येतात, आणि माझ्या बोर्डावर या चार फेजच्या, म्हणजे वीजपुरवठ्याच्या चार शाखांच्या, मॉस्फेटांवर साधी हीटसिंकही नाही. प्रोसेसरवरचा कूलर मोठा होता, प्रोसेसरचं तापमान मर्यादेत होतं, आणि तरी वीस मिनिटांच्या चाचणीनंतर बोर्डाच्या त्या कोपऱ्याजवळ हात धरवेना. ओव्हरक्लॉकिंगच्या गप्पांमध्ये प्रोसेसरचं तापमान सगळे विचारतात, बोर्डाच्या या कोपऱ्याचं फारसं कोणी विचारत नाही. जुने बोर्ड बहुधा तिथूनच जातात. कपॅसिटर सॉलिड असले तरी सतरा-अठरा वर्षं झालेल्या बोर्डाला असं रोज भाजणं मला पटेना. जी३१, जी४१ या चिपसेटचे छोटे बोर्ड असतील, तीनच फेजचे, तर त्यांच्यावर ९५ वॉटचा क्वाड ओव्हरक्लॉक करण्याच्या फंदात पडू नका, असं अगदी कळकळीने सांगते.

मग मी ३.२ वर उतरले: ३५६ गुणिले ९. इथे चूक केली. रॅमचा गुणक २.४ च ठेवला, म्हणजे रॅम ८५४ वर. वर चोपन्नच तर आहेत, म्हणून सोडून दिलं. प्राइम९५ (प्रोसेसरला पूर्ण ताण देणारा प्रोग्रॅम) ची स्मॉल एफएफटी चाचणी रात्रभर चालवली, एकही चूक नाही, खूश झाले. पण ही चाचणी जवळजवळ सगळी प्रोसेसरच्या कॅशमध्येच फिरते, रॅमपर्यंत फारशी पोहोचतच नाही. रॅमची परीक्षा घ्यायची तर ब्लेंड चाचणी किंवा मेमटेस्ट८६+ लावायला हवी. मी लावली नाही, आणि त्याची किंमत पुढे मोजली.

तीन महिन्यांनी कोअर २ क्वाड क्यू९५५० हाती आला. ४५ नॅनोमीटर, २.८३ गिगाहर्ट्झ, कॅश १२ एमबी, वॉट तेच ९५. झाकणावर 'एसएलबी८व्ही', म्हणजे ई० स्टेपिंग (त्याच प्रोसेसरची सुधारित आवृत्ती). सॉकेटमध्ये अलगद बसला. चालू केलं, पंखे फिरले, हार्ड डिस्कचा आवाज आला, आणि पुढे काही नाही.

"आत्या, स्क्रीन काळाच आहे," भाची म्हणाली.

रॅम काढून घातली, ग्राफिक्स कार्ड काढून घातलं, सीमॉसचा जंपर लावून सेटिंग पुसली, सॉकेटच्या पिना भिंगाखाली एकेक बघितल्या. प्रोसेसर मेलेला आला असंही वाटून गेलं, आणि देणाऱ्याला तसं कळवणारही होते. ते केलं असतं तर एका भल्या माणसावर अन्याय झाला असता, कारण प्रोसेसर ठणठणीत होता. बोर्डाचा बायोस २००७ च्या मध्याचा होता आणि या प्रोसेसरचा जन्मच २००८ चा.

बायोस नुसता प्रोसेसरचं नाव वाचत नाही. चालू होताच तो प्रोसेसरचा सीपीयूआयडी बघतो, आपल्याजवळच्या मायक्रोकोडच्या (प्रोसेसरच्या आतल्या दुरुस्त्यांच्या कोडच्या) साठ्यातून त्याला जुळणारा तुकडा शोधून प्रोसेसरमध्ये भरतो, आणि प्रोसेसर मागतो तेवढं व्होल्टेज, तेवढा ठोका लावून देतो. ई० चा सीपीयूआयडी १०६७ए. माझ्या बायोसकडे या क्रमांकाचं काहीच नव्हतं. काही बोर्ड अशा वेळी 'अनोळखी प्रोसेसर' असं लिहून रडतखडत चालू होतात, काही थेट गप्प बसतात. माझा गप्प बसणाऱ्यांतला. लिनक्स चालू होताना मायक्रोकोड भरू शकतं हे खरं, पण ते बायोसचं काम उरकल्यानंतर. दारच उघडलं नाही तर आत येऊन कोण काय करणार?

सॉकेट तेच आणि प्रोसेसर चालेना, हे ७७५ ला नवीन नाही. हे सॉकेट २००४ मध्ये पेंटियम ४ साठी आलं आणि २००६ मध्ये कोअर २ ही त्याच सॉकेटात आले, पण सुरुवातीच्या ९१५ चिपसेटच्या बोर्डांवर ते चालले नाहीत. संपर्कबिंदू ७७५ च, पण प्रोसेसरला लागणाऱ्या व्होल्टेजचे नियम बदलले होते, आणि जुन्या बोर्डावरचं व्होल्टेजचं सर्किट ते पाळू शकत नव्हतं. असा अडथळा बायोस अपडेट करून जात नाही, तो तांब्यात आणि चिपमध्ये असतो. पुढेही हेच घडलं. २०१७ मध्ये इंटेलची आठवी पिढी एलजीए११५१ मध्येच आली, पण आदल्या १०० आणि २०० मालिकेच्या बोर्डांना अधिकृतपणे वगळून. एएमडीच्या एएम४ वर अडचण निराळीच झाली: बऱ्याच बोर्डांवरची बायोस चिप १६ एमबीची, आणि इतक्या पिढ्यांच्या प्रोसेसरांचा कोड तिच्यात मावेना. मे २०२० मध्ये एएमडीने आधी ४०० मालिकेच्या बोर्डांना रायझन ५००० मिळणार नाही असं सांगितलं, लोकांनी आवाज उठवल्यावर निर्णय बदलला, आणि २०२२ मध्ये तर ३०० मालिकेलाही परवानगी दिली. त्यासाठी काही बोर्डांच्या बायोसमधून जुन्या प्रोसेसरांचा आधार काढावा लागला. म्हणजे नवा बायोस घातल्यावर जुना प्रोसेसर चालेनासा होणं हेही शक्य आहे. ते आधी वाचून घ्यावं.

प्रोसेसर घेण्याआधी काय बघायला हवं होतं ते आता सांगते. बोर्डाच्या कंपनीच्या साइटवर त्या मॉडेलची प्रोसेसरांची यादी असते. तिच्यात नुसतं 'क्यू९५५०' शोधून थांबू नका. शेजारी स्टेपिंग असते, आणि शेवटच्या रकान्यात कितव्या बायोसपासून चालतो ते लिहिलेलं असतं. माझ्या बोर्डाच्या यादीत क्यू९५५० दोनदा होता, सी१ आणि ई०, आणि दोघांचे बायोस वेगळे होते. त्याहून निसटणारी गोष्ट म्हणजे बोर्डाची रिव्हिजन. एकाच नावाचा बोर्ड १.०, २.० अशा आवृत्त्यांत निघतो आणि दोघांचे बायोस वेगळे असू शकतात. रिव्हिजन बोर्डाच्या कोपऱ्यात बारीक अक्षरांत छापलेली असते. टॉर्चच्या उजेडात, गुडघ्यावर बसून, ती डोळ्यांनी वाचा. खोक्यावर किंवा आठवणीवर विसंबू नका.

मग क्यू६६०० परत बसवला, कारण बायोस अपडेट करायला चालणारा प्रोसेसर लागतो. यासाठीच जुना प्रोसेसर नवा चालू होईपर्यंत कुणाला देऊन टाकू नये. सीमॉस पुसला होता म्हणून ३.२ चे सगळे आकडे मी आठवणीने पुन्हा भरले. भरायची काहीच गरज नव्हती. सवयीने भरले. पेनड्राइव्ह एफएटी३२ मध्ये फॉरमॅट करून त्यावर बायोसची फाइल घातली, बोर्डाच्या स्वतःच्या फ्लॅश साधनातून अपडेट सुरू केलं. पट्टी अर्ध्यापर्यंत आली आणि थांबली. पाच मिनिटं. दहा मिनिटं. अर्धा तास वाट बघितली आणि शेवटी वीज बंद करावी लागली. त्यानंतर क्यू६६०० वरही स्क्रीन काळा.

त्या संध्याकाळी फार वाईट वाटलं. दादाने इतकी वर्षं जपलेला बोर्ड माझ्या हातून गेला होता. त्याला सांगितलं, तर तो एवढंच म्हणाला, "चिप काढता येते का बघ. आतला मजकूर बिघडलाय, बोर्ड बिघडलेला नाही." आणि ते अगदी खरं निघालं.

बायोस एका आठ पायांच्या छोट्या चिपमध्ये असतो. माझ्या बोर्डावर ८ मेगाबिटची, म्हणजे फक्त १ एमबीची. अशा चिपमध्ये बाहेरून लिहायला सीएच३४१ए नावाचा छोटा यूएसबी प्रोग्रॅमर मिळतो. चिप सॉकेटमध्ये असेल तर उपटून लावायची, बोर्डाला झाळलेली असेल तर वरून चिमटा लावायचा. माझी झाळलेली होती. करताना तीन गोष्टी जिवापाड जपल्या. बोर्डाची वीज पूर्ण काढली, बॅटरीसुद्धा. प्रोग्रॅमरच्या डेटा तारांवर ३.३ व्होल्टच येतात हे मल्टिमीटरने आधी मोजलं, कारण या प्रोग्रॅमरच्या स्वस्त काळ्या आवृत्तीत तिथे ५ व्होल्ट येतात आणि चिप ३.३ ची असते. आणि लिहिण्याआधी जुना मजकूर दोनदा वाचून दोन्ही फाइली जुळवल्या. पहिल्या तीन वेळा त्या जुळल्याच नाहीत, चिमटा नीट बसत नव्हता. पाय खोडरबराने स्वच्छ केले, चिमटा पुन्हा बसवला, जुळल्या. मग चिप कोरी केली, कंपनीच्या साइटवरचा शेवटचा बायोस लिहिला, परत वाचून ताडून बघितला. सगळं मिळून दहा मिनिटांचं काम, आणि त्या दहा मिनिटांत मी श्वास रोखून बसले होते.

बोर्ड जिवंत झाला. मग मी क्यू६६०० वर तेच ३.२ चे आकडे भरून मेमटेस्ट लावला, तर दुसऱ्याच फेरीत लाल ओळी. रॅम ८५४ वर चुका करत होती आणि मी अशा रॅममधून बायोस लिहायला निघाले होते. अपडेट करताना ओव्हरक्लॉकिंग पूर्ण काढा, मूळ सेटिंगवर या, यंत्र एकदा बंद करून चालू करा, मगच फाइल द्या. वीज जाण्याची भीती असेल तर यूपीएसवर करा. आणि चालू असलेल्या विंडोजमधून बायोस लिहिणारी साधनं वापरू नका. मागे दहा गोष्टी चालू असताना इतकं नाजूक काम कशाला?

नव्या बायोसवर क्यू९५५० लगेच ओळखला गेला. तेव्हापासून बोर्डाची खरी मजा सुरू झाली. याचा गुणक ८.५, म्हणजे ३.४ गिगाहर्ट्झला एफएसबी ४०० लागतो. गुणक कमी असला की बोर्डावर ताण जास्त येतो, हे प्रोसेसर निवडताना लक्षात ठेवा. क्यू६६०० ला ९ चा गुणक होता, तो कमी एफएसबीवर जास्त वेग द्यायचा. ४०० वर रॅमचा गुणक २ केला की बरोबर ८००, रॅमवर कणभरही जास्तीचं ओझं नाही. प्रोसेसरला १.२५ व्होल्ट पुरले. ४५ नॅनोमीटरच्या या पिढीसाठी इंटेलने ठरवलेली व्होल्टेजची कमाल मर्यादा १.३६२५ आहे, क्यू६६०० च्या पिढीची १.५ होती. जुन्या सवयीने १.४ भरू नका. ३.४ वरही मॉस्फेटचा कोपरा क्यू६६०० च्या ३.६ च्या मानाने कितीतरी गार राहतो. प्राइम९५ वर एकदा 'राउंडिंग ०.५ आलं, ०.४ पेक्षा कमी हवं होतं' अशी चूक आली आणि एक कोअर थांबला. नॉर्थब्रिजचं व्होल्टेज ०.१ ने वाढवल्यावर ती पुन्हा आली नाही. चारही स्लॉट २-२ जीबीने भरलेत, पी३५ ची ८ जीबीची मर्यादा गाठलीय, त्यामुळे नॉर्थब्रिजला एवढा आधार लागणारच.

दोन बारीक तक्रारी आहेत. यंत्र रात्रभर बंद राहिलं की सकाळी पहिल्या चालू करण्यात बोर्ड कधीकधी दोनदा बंद-चालू होतो आणि मग स्थिर होतो. एफएसबी ३९० केला की हे होत नाही. आणि क्यू९५५० च्या एका कोअरचं तापमान काम नसताना कायम ४१ वर अडकलेलं दिसतं. हा बोर्डाचा दोष नाही, ४५ नॅनोमीटरच्या कोअर २ मधले सेन्सर कमी तापमानाला असे अडकतात हे माहीत असलेलं आहे. ताण आला की तो आकडाही वर जातो, तेवढं पुरे.

बाकी काय सांगू? साटा (डिस्कची जोडणी) ३ गिगाबिटचं, एसएसडी लावली तर तिचा अर्धा वेग मिळतो, तरी हार्ड डिस्कच्या मानाने जमीन-अस्मानाचा फरक. ग्राफिक्सचा स्लॉट पीसीआय एक्सप्रेस १.१. यूईएफआय (बायोसच्या जागी आलेली नवी पद्धत) नाही, म्हणून २ टीबीपेक्षा मोठ्या डिस्कची पूर्ण जागा वापरून विंडोज बूट होत नाही.

ज्यावर खरंच विचार करायला हवा ती गोष्ट वेगळी आहे. कोअर २ मध्ये, ओव्हरक्लॉक कितीही करा, एसएसई४.२, पॉपसीएनटी आणि एव्हीएक्स या नव्या प्रोसेसरांना समजणाऱ्या जास्तीच्या आज्ञा नाहीतच. विंडोज ११ ची २४एच२ आवृत्ती पहिल्या दोन नसतील तर चालूच होत नाही. विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. स्पेक्टरचं (प्रोसेसरमधल्या सुरक्षेच्या त्रुटीचं) प्रकरण उघडं पडल्यावर, २०१८ मध्ये, इंटेलने या पिढीला नवे मायक्रोकोड देणारच नाही असं स्पष्ट केलं. म्हणून माझ्याकडे लिनक्स आहे, आणि या यंत्रावरून बँकेचे व्यवहार आम्ही करत नाही. भाचीचं पायथन, सी, कंपायलर, जुन्या फोटोंचं स्कॅनिंग, हे सगळं बिनतक्रार चालतं. एव्हीएक्स मागणारे काही प्रोग्रॅम मात्र सुरू होताच बंद पडतात, आणि त्यांच्यावर बोर्डाकडे काही इलाज नाही.

दादा मागच्या महिन्यात आला होता. त्याने बायोस उघडून एकेक पान बघितलं आणि ४०० चा आकडा दिसल्यावर थांबला. "मी ३९० पर्यंतच गेलो होतो," म्हणाला. म्हणजे तो आकडा त्याला आठवत होता.

कॅबिनेटच्या झाकणाला आतून आता एक कागद चिकटवलाय. बोर्डाची रिव्हिजन, बायोसचा क्रमांक, एफएसबी ४००, गुणक ८.५, रॅमचा गुणक २, प्रोसेसर १.२५ व्होल्ट, नॉर्थब्रिज अधिक ०.१, पीसीआय एक्सप्रेस १००. खाली भाचीने तिच्या अक्षरात बॅटरी बदलल्याची तारीख लिहिलीय, आणि पुढच्या तारखेसाठी एक ओळ रिकामी ठेवलीय.